काकांच्या गाडीचं टॉनिक

माझे काका बाबांपेक्षा अकरा मिनिटांनी मोठे, आणि ती अकरा मिनिटं त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरली. पहिलं ताट त्यांचं, खिडकीजवळची खुर्ची त्यांची, आणि बाबांनी त्यांना ‘दादा’च म्हणायचं. दोघं जुळे, दोघं टॅक्सीवाले, स्टेशनसमोरच्या एकाच स्टँडवर उभे. गाड्यासुद्धा एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या. टक्कलही सारखंच. फरक एवढाच, की काकांच्या टकलावर केस वाढवायचं तेल चकाकायचं.

काकांचा बाटल्यांवर फार जीव. दारूच्या नव्हे, टॉनिकच्या. भूक लागायचं एक, झोप यायचं एक, आलेली झोप उडवायचं आणखी एक. स्मरणशक्तीचंही होतं, पण ते घ्यायला ते विसरायचे. स्टँडवर त्यांचं नावच ‘टॉनिक’ पडलं होतं.

त्यामुळे त्या दिवशी स्टँडवर आलेल्या टायवाल्या विक्रेत्याला फार कष्ट पडले नाहीत. त्याने टॅक्सीच्या बॉनेटवर एक छोटं यंत्र ठेवलं. गरगर फिरणारं लोखंडी चाक, त्यावर दाबून धरलेली बेअरिंगची गोळी. साध्या ऑइलमध्ये चाक किंचाळलं आणि थांबलं. मग त्याने निळ्या बाटलीतलं चमचाभर औषध टाकलं, आणि चाक मांजरीसारखं गुरगुरत फिरायला लागलं.

“इंजिनाचं आयुष्य दुप्पट!” विक्रेता म्हणाला.

काकांनी बाटली नाही, खोकंच घेतलं.

आमच्या दोन्ही गाड्या एक मेकॅनिक बाई बघायच्या. वय जेमतेम तिशीचं, केसांत पेन खोचलेलं, आणि जिभेला हाड नाही. काकांनी मोठ्या ऐटीत बाटली पुढे केली, तेव्हा बाईंनी हात पुसायचीही तसदी घेतली नाही.

“थोरले, चांगल्या ऑइलमध्ये हे सगळं कंपनीने आधीच घातलेलं असतं. मळ धरून ठेवणारं, झीज कमी करणारं, फेस येऊ न देणारं, सगळं मापात. वरून तुम्ही आणखी ओतणार म्हणजे बेतशीर मीठ घातलेल्या भाजीत परत मूठभर मीठ टाकणार.”

“पण ते चाक फिरलं ना, बाई! या डोळ्यांनी पाहिलं.”

“तुमच्या इंजिनात असं चाक आहे का?”

“नसेल. पण असतं तर?”

यावर बाबा इतके हसले, की काकांना राग आला. आणि राग आला की काका पैज लावायचे. ठरलं असं: एक वर्ष दोन्ही गाड्यांना एकच ऑइल, एकाच दिवशी बदलायचं. काकांच्या गाडीत बाटली, बाबांच्या गाडीत नाही. वर्षाअखेर बाईंनी दोन्ही इंजिनं उघडून निकाल द्यायचा. बाबा हरले तर त्यांनी जन्मभर बाटली ओतायची. आणि काका हरले तर?

“तर तू मला दादा म्हणायचं,” बाबा म्हणाले.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण मागे हटतील तर ते काका कसले!

तीन महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी, सुट्टी म्हणून मी घरी असताना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर काका बाबांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये अर्धे आत. हातात निळी बाटली.

“काका! हे काय?”

“ओरडू नकोस गं!” ते दबक्या आवाजात म्हणाले. “मी जिंकणार हे नक्की आहे. पण तोवर माझ्या भावाचं इंजिन उपाशी ठेवू? शपथ आहे तुला, बोललीस तर बघ.”

मी शपथ पाळली. काका मात्र स्वतःच्या गाडीचे लाड वाढवत गेले. आधी एक बाटली, मग दीड, मग दुसऱ्याच कुठल्याशा कंपनीची घट्ट, मधासारखी. सातव्या महिन्यात त्यांची गाडी सकाळी सुरू होताना म्हाताऱ्यासारखी कण्हायला लागली आणि मागून धूर सोडायला लागली.

एका दुपारी काका घोरत असताना बाबांनी त्यांच्या गाडीची ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल खुणेच्या बोटभर वर आलं होतं, आणि पट्टीवरून थेंब खाली पडायलाच तयार नव्हता. बाबांनी निमूट गाडीखाली ट्रे सरकवला, सगळं काढलं, साधं ऑइल मापात भरलं. हात पुसताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“पैज गेली खड्ड्यात,” ते म्हणाले. “त्याचं इंजिन बसलं तर तो खाणार काय? शपथ आहे तुला.”

दुसऱ्या दिवशी काकांची गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. काका स्टँडभर ओरडत फिरले, “बघा! बाटली अंगी लागली!” बाबांनी ओठ इतके घट्ट मिटले होते, की मला वाटलं मिशीच गिळतात. विक्रेता एव्हाना कुठे गायब झाला होता देव जाणे. काकांकडे दोनच बाटल्या उरल्या होत्या. त्याही त्यांनी गुपचूप बाबांच्याच गाडीत ओतल्या.

निकालाच्या दिवशी निम्मा स्टँड गॅरेजमध्ये. बाईंनी दोन्ही इंजिनांची वरची झाकणं काढली, टॉर्च मारला, बोट फिरवलं. काका एका पायावर उभे.

“दोन्ही स्वच्छ,” बाई म्हणाल्या. “डावं-उजवं करता येत नाही.”

“म्हणजे साध्या ऑइलने भागतं!” बाबा म्हणाले.

“म्हणजे बाटलीने नुकसान होत नाही!” काका म्हणाले.

आणि मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळीकडून. मी टायरच्या ढिगाला धरून खाली बसले आणि दोन्ही शपथा एका दमात मोडल्या. ज्या गाडीत बाटली नको होती तिच्यात होती, जिच्यात हवी होती तिच्यातली कधीच गटारात गेली होती.

काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे.

“तू माझं औषध काढलंस?”

“तू माझ्या गाडीत ओतलंस?”

आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून असे खदखदले, की काकांची कवळी निसटून ऑइलच्या ट्रेमध्ये पडली. आता अख्खं गॅरेजच लोळायला लागलं.

“बास!” बाईंनी पाना आपटला. “पैज रद्द. थोरले, जास्त ओतून तुम्ही इंजिन मारायलाच निघाला होतात, धाकट्यांनी वाचवलं. दोन्ही गाड्या नीट आहेत त्या ऑइल वेळेवर बदललं म्हणून. आणि तुमच्या दोघांत दादा कुणी नाही. आजपासून मी तुमची ताई. मला विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.”

पंचावन्न वर्षांच्या दोन टकल्यांनी मान डोलावली. तेव्हापासून दोघं त्यांना ताई म्हणतात, तेही अगदी मनापासून.

काका मात्र हिरमुसले होते. गाडीला काही पाजायचं नाही म्हणजे काय जगणं! सहा वर्षं त्यांनी कळ काढली. मग गाडी म्हातारी झाली आणि इंजिनाखाली थेंब दिसू लागले. ताईंनी खाली वाकून बघितलं आणि कपाटातून एक छोटी बाटली काढली.

“सील सुकलंय. या औषधाने रबर जरा मऊ होतं, गळती कमी होईल. चारेक महिने निघतील, मग सील बदलू. एकच बाटली. ओता तुमच्या हाताने.”

काकांना खरंच वाटेना. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी धरली, छातीशी लावली आणि गॅरेजमध्ये गोल गोल नाचायला लागले. बाबांनी हॉर्नवर ठेका धरला. पंक्चर काढायला आलेल्या एका बाईंनी दारातूनच विचारलं, “लग्न ठरलं का कुणाचं?”

“नाही हो,” ताई म्हणाल्या, “ऑइल गळतंय.”