चार कोपऱ्यांचे चार दगड

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सालची गोष्ट. सकाळपासून केवळाबाईचा पाय घरात ठरत नव्हता. दोघी सुना एका चुलीवरून रोज भांडत, म्हणून थोरल्या लेकाला गावच्या माळावर घरासाठी जागा मिळावी, ही तिची धडपड. हिरवळ पाहून जागा तिनेच हेरली होती, चार कोपऱ्यांना चार दगडही मांडले होते. आज पंचायत माळाचा निकाल लावणार होती आणि तिचा नवरा धोंडीबा पंच होता.

दुपारी तो आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"मिळाली का जागा?"

"न्हाई. ती हिरवळ उगंच न्हाई. तिथलंच पानी झिरपून आपल्या आडात येतंय. घरं झाली की आड आटंल. माळ मोकळाच ठेवायचं ठरलं."

"अन् तुमचं तोंड शिवलं होतं का?"

"म्याच पयला हात वर केला. उन्हाळ्यात कोसभर घागर कोन वाहती? तूच ना?"

ती तरातरा माळावर गेली, दगड पाटीत घालून घेऊन आली आणि ओसरीच्या टोकाला तीन दगडांची थोरलीची चूल मांडली.

"आत्याबाई, मधी भिंतबी घाला की," धाकटी आतून म्हणाली.

उरलेला चौथा दगड कुठे ठेवावा ते ठरेना; तो कडेवर घेऊन केवळाबाई दिवेलागणीपर्यंत आत-बाहेर करत राहिली.