चांदणीचा चारा

लढाईच्या दिवसांत सांगलीला आमच्या दारी एक बाई गाय घेऊन यायची आणि समोरच धार काढून द्यायची. गाईचं नाव चांदणी, हे गल्लीभर ठाऊक होतं. बाईचं नाव कुणी विचारलंच नाही.

माझं पहिलं बाळ अंग धरत नव्हतं. एकदा तिनं त्याचा गाल चिमटीत धरला, चुकचुकली आणि कुजबुजली, "वैनी, वाळला कडबा खाऊन लोणी पांढरंफटक येतंय. हिला हिरवा लसूणघास घाला, मग पिवळं येतंय बघा. पोराच्या अंगी लागंल. पर शेजारी बोलू नगासा, दिष्ट लागती."

मी रोज गुपचूप एक पेंढी आणून चांदणीला घालू लागले. लोणी खरंच पिवळं झालं, बाळाला बाळसं आलं. मी मनातल्या मनात मिरवत होते.

एका सकाळी जरा लवकर दार उघडलं, तर शेजारच्या तिन्ही दारांत तिघी पदराआड पेंढ्या धरून उभ्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, मग चांदणीपाशी बसलेल्या त्या बाईकडे.

तिची धार थांबली नाही. "आवं, एका घरच्या पेंढीनं गाईचं पोट भरतंय व्हय?"

दिवसभर आम्ही चौघी तिच्या नावानं बोटं मोडत होतो. दुसऱ्या दिवशी पेंढ्या घेऊन पुन्हा दारात उभ्या राहिलो, फक्त पदराआड काही नव्हतं.