दर पिच्चरमध्ये मरणारा माझा भाऊ

"भाऊ, अख्ख्या गावाची नक्कल करतोस, मग माझीच का नाही?" हे मी त्याला कितीदा तरी विचारलं. तो नुसता हसायचा. आता तो गेला. टपरीवर रोज कुणीतरी त्याचा नवा किस्सा काढतं, ढीग वाढतोच आहे. माझ्याकडचे हे.

*

नरडाण्याला शूटिंग होतं. गर्दीत उभं राहायला माणसं पाहिजे होती. मी केस विंचरून, गॉगल लावून गेलो. भाऊ मला गाडीवर सोडायला आलेला. डायरेक्टरनं मला हातानं बाजूला केलं. "तो मागे गाडी पुसतोय ना, त्याला बोलवा!"

*

तेव्हापासून भाऊला छोटे छोटे रोल मिळत गेले. कधी हवालदार, कधी सरपंचाचा गडी. काहीही असो, मरण ठरलेलं! त्यामुळे आमची माय त्याचा एकही पिच्चर बघायची नाही. शूटिंगहून आला की आधी अंगणात अंघोळ, मगच त्याला घरात घ्यायची. वर गरम भाकर.

मी शेतातून आलो की शिव्या. एक चप्पल दारात काढून दुसरी पार चुलीपर्यंत उडवायची माझी सवय.

*

शिरपूरला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो. पोहे आले. मुलीनं मान वर करून पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ नाही आले?"

लग्नात आल्या-गेल्या बठ्ठ्यांनी फोटो त्याच्यासोबत काढले. नवरदेव मी होतो!

*

बोदवडच्या आत्यानं भाऊला पडद्यावर मरताना पाहिलं आणि पहिल्या बसनं रडत आली. सोबत पिठलं-भाकरी, दुःखाच्या घरी नेतात तशी. दार भाऊनंच उघडलं. पिठलंही त्यानंच संपवलं.

तो खरंच गेला, झोपेत, तेव्हा आत्याला फोन मी केला. ती हसली.

"या टायमाले कोन्त्या पिच्चरमधी मेला?"



*

शेवटचा पिच्चर तेराव्यानंतर आला. डायरेक्टर घरी आलेला. म्हणाला, यातही त्याला मरायचंच होतं, पण गडी अडून बसला. "एक तरी पिच्चर मायले दखाडू द्या."

मी मायला मोबाइलवर लावून दिला. ती जीव मुठीत धरून बसली. शेवटी मारामारीतून वाचलेला भाऊ घरी येतो. उंबऱ्याशी थांबतो. एक चप्पल दारातच काढतो. दुसरी पायानं उडवतो, ती थेट चुलीपाशी जाऊन पडते.