‘फुल’ लिहिलेली कॅसेट

“माझं तोंड कुटं गेलं ह्यातलं?” कॅसेट टेबलावर आपटत बापूंनी विचारलं.

मी गोंधळलो. तेव्हा मी सांगलीत बी.एस्सी.ला होतो आणि संध्याकाळी एका व्हिडिओ लायब्ररीत काम करायचो. घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे मला सगळं कळतं असं लोकांना वाटे. थोडं मलाही वाटत होतं.

बापू कुपवाडच्या एका कारखान्यात वॉचमन. त्याआधी पाचगणीला घोडा फिरवायचे. तिथं एका हिंदी पिक्चरचं शूटिंग झालं, तेव्हा बाजाराच्या सीनमध्ये ते घोडा धरून हिरॉइनच्या जवळ उभे होते. इस्लामपूरचा त्यांचा मेव्हणा ही गोष्ट पहिल्यापासून थापच समजायचा. त्याला मुद्दाम बोलावून बापूंनी रविवारी कॅसेट लावली. हिरॉइन दिसली. घोड्याचं तोंड दिसलं. बापू नाहीत.

“मेव्हणा म्हनला, दाजी, घोडा खरं बोलतोय, तुमचं काय सांगता येत न्हाई.”

“पण बापू, मी तर तुम्हाला ‘फुल’ दिली होती.”

त्या पिक्चरच्या आमच्याकडे दोन कॅसेट होत्या. एकीत टीव्हीची काच पूर्ण भरायची. तिच्यावर मालकांनी ‘फुल’ लिहिलं होतं. दुसरीत वर आणि खाली काळ्या पट्ट्या यायच्या. ती ‘पट्टी’. पट्टीवाली कॅसेट गिऱ्हाइकं परत आणायची. “पट्टीखाली काय झाकलंय रं?” असं विचारायची. म्हणून मी सगळ्यांना ‘फुल’च द्यायचो, अगदी प्रामाणिकपणे.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, “एडिटिंगमध्ये उडवलं असंल त्यास्नी. तू अभ्यास कर.”

“उडवलं कसं?” बापू म्हणाले. “टॉकीजात म्या सवता बघितलंय मला.”

मग मी दुकानातल्या टीव्हीवर दोन्ही कॅसेट एकामागून एक लावल्या आणि तो सीन थांबवला. ‘फुल’मध्ये हिरो, हिरॉइन आणि घोड्याचं तोंड. ‘पट्टी’मध्ये माणसं बारीक झालेली, पण डावीकडे बांगड्यांचं दुकान निघालं, उजवीकडे अख्खा घोडा, आणि त्याच्यामागे दोरी धरलेला एक माणूस. मला काही कळेना. पट्टीने झाकलेल्या चित्रात जास्त कसं दिसतं?

वहीत दोन चौकटी काढल्या तेव्हा उमगलं. थिएटरचा पडदा लांबट, टीव्ही जवळजवळ चौकोनी. काच भरायची तर चित्र मोठं करून दोन्ही बाजू कापाव्या लागतात. लांबट चित्र अख्खं ठेवायचं तर वर-खाली जागा रिकामी राहते. पट्टीखाली काहीच नसतं.

पुढच्या रविवारी पट्टीवाली कॅसेट घेऊन मीच बापूंच्या घरी गेलो. मेव्हणाही आला होता. सीन आला, पॉज केला. उजव्या कडेला घोड्यामागे अंगठ्याएवढा माणूस थरथरत होता.

“ह्यो तर कुणीबी असंल,” मेव्हणा म्हणाला.

त्याचं चूक नव्हतं. मलाही ओळखू येत नव्हतं. एका कॅसेटने बापूंना कापलं होतं आणि दुसरीने इतकं बारीक केलं होतं. बापू खाली बघू लागले.

बापूंच्या बायको, काकू, भाकरीच्या पिठाचे हात घेऊन टीव्हीजवळ आल्या. वाकून बघितलं.

“समदी माणसं हिरॉइनकडं बघत्यात,” त्या म्हणाल्या. “ह्यो एकटाच घोड्याकडं बघतोय. ह्येच हायती.”

मेव्हणा काचेजवळ सरकला. “आक्का, मग दाजीच,” म्हणाला. बापूंनी तो सीन आणखी चार वेळा लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना म्हटलं, “‘फुल’ खोडून ‘बाजू कापलेली’ असं लिहू का?”

“आनि मग न्हेनार कोन?”

‘फुल’ तसंच राहिलं. नक्की कशाला फुल म्हणावं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. फक्त एखाद्याचा नातेवाईक पिक्चरमध्ये आहे असं कळलं, की कॅसेट देण्याआधी मी विचारायचो, “मधे उभा होता की कडेला?”