बँडसाठी बेचाळीस खुर्च्या

एका अमेरिकन रॉक बँडच्या जर्मनीतल्या दौऱ्यात गाड्या आणि हॉटेलं माझ्याकडे होती. चौघंच जण. पहिल्या अल्बमवर त्यांच्या देशात स्टेडियमं भरली, दुसरा पडला. स्टुटगार्टच्या कार्यक्रमाला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता. हॉल रंगलेला दिसला तर पुढची अकरा शहरं आणि तिसरा अल्बम. नाहीतर तिथेच संपलं.

सकाळी तिकिटांचा आकडा बघितला, अर्धा हॉलही भरत नव्हता. वरचे मजले काळ्या पडद्यांनी झाकायची या धंद्यात रीतच आहे, ते केलं. तरी खालची मोकळी जागा उरलीच.

नागपूरला विहारातली व्याख्यानमाला बाबा चालवायचे. गर्दी कमी दिसली की वस्तीत फिरून माणसं गोळा करायचे. वक्त्याला रिकामा मांडव दाखवायचा नाही. मी इथल्या मराठी लोकांच्या जयंतीच्या ग्रुपवर लिहिलं : फुकट पास, सहा वाजता, सगळ्यांनी या.

लगेच ग्रुपमधल्या एकीचा फोन. "ताई, सीट नंबर?"

"उभं राहायचंय."

"दोन तास? अहो, सासूबाई आल्यात. त्यांचे गुडघे!"

"बरं, खुर्च्या ठेवते."

बेचाळीस ठेवल्या, स्टेजसमोर, सात ओळींत. हॉलची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर म्हणाला, "रॉकला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं.

सगळे वेळेवर आले, इस्त्रीच्या कपड्यांत. गाणं संपलं की शिस्तीत टाळ्या, मग हात पुन्हा मांडीवर. गायक 'उठा, उठा' म्हणून हात उंचावत होता. सासूबाईंनी त्याला बसल्या जागेवरून नमस्कार केला. तिकीट काढून आलेली पोरं खुर्च्यांमागे अडकली होती. मी कडेनं वाकून धावत होते. "उठा ना! नाचा!"

"ताई, इथे? सगळ्यांसमोर?"

सव्वाआठला, गाणं चालू असतानाच, सगळ्या ओळी उठल्या. मुलांची सकाळी शाळा होती, एस-बान लोकलची वेळ झाली होती. मला बाय करत, एकेक करून ते कंपनीच्या माणसासमोरून दाराबाहेर गेले. त्यानं घड्याळ पाहिलं.

नंतर त्यानं चौघांना आत बोलावलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. गायक बाहेर आला, घामानं निथळत.

"खुर्च्या कोणी मांडल्या?"

"मी."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग सकाळची विमानं विचारली. चौघांना चार वेगळ्या शहरांत जायचं होतं. मी लिहायला घेतलं. चारच ओळी, पण दोनदा चुकले.