दार आधी, घर मागाहून

घर बांधायला निघाल्यावर सगळ्यात आधी दार विकत घेणारी बाई साऱ्या दुनियेत एकच झाली, आणि ती नेमकी माझ्या सासुरवाडीत निघाली. माझ्या बायकोची सख्खी आत्या. बरं, दारही साधंसुधं नाही. रेवदंड्याला कुणाचं तरी जुनं घर पाडत होते, तिथलं सागवानी दार, चौकटीसकट, कडीकोयंड्यासकट. आणि ते आणलं कशावर, तर सहा आसनी रिक्षाच्या टपावर बांधून. उतरताना रिक्षावाल्याने दाराचं दोन माणसांचं भाडं मागितलं. आत्याने त्याला विचारलं की दार काय बसून आलं का? झोपून आलं. झोपणाऱ्याचं भाडं कुठल्या रिक्षात घेतात ते दाखव, मग देते. रिक्षावाल्याने हात जोडले आणि मिळालं तेवढं घेऊन तो गेला. ते दार मग माझ्या सासऱ्यांच्या परसात माडाला टेकून उभं राहिलं. त्याच्या मागे भिंत नाही, पुढे ओटा नाही, वर छप्पर नाही, आणि आत्याने त्याला कुलूप घातलं. वाटेने जाणारा प्रत्येक जण विचारायचा की कुलूप कशाला? आत्या म्हणायची, "सवय लागाय पायजे. मला पन आन् दाराला पन."

आता ही आत्या कोण ते सांगतो. तरुणपणी ती दिघीच्या खाडीपलीकडे दिलेली. नवरा कामाला म्हणून मुंबईला गेला तो गेलाच. दोन पावसाळे तिने वाट पाहिली आणि एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन लाँचमधून अलीकडे उतरली, ती थेट भावाच्या घरी. भाऊ म्हणजे माझे सासरे. माणूस देवासारखा, पण देवासारखाच अबोल आणि देवासारखाच हट्टी. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. घराच्या मागची पडवी रिकामी करून दिली आणि त्या पडवीत आत्याने तीसेक वर्षं काढली. पडवी पावसात गळायची. सासरे दरवर्षी कौलं शाकारायचे आणि दरवर्षी ती गळायचीच. लावणीला जा, मिठागरावर जा, सुकी मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला जा, असं आत्याचं चालायचं. राबायला ती दोन गड्यांना भारी होती. पण पैसा यायचा तो कधी आठ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आला त्या दिवशीच संपायचा.

मग सरकारने बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला सुरुवात केली. गावातल्या बाकीच्या बायकांच्या खात्यात आले तसे आत्याच्याही आले. रक्कम म्हणाल तर फार नाही. पण आत्याच्या डोक्यात तिने जी काही उलथापालथ केली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आत्याने पैशाला पैसा म्हणणंच सोडून दिलं. ती महिने मोजायला लागली. मार्गशीर्षातले पैसे लाकूडफाट्याचे, कारण तेव्हा लाकूड सुकं आणि स्वस्त असतं. माघातले जवळ्याचे, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीचे. फाल्गुनातले मिरचीचे. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात, तिला आगोट म्हणतात. सारं गाव ही आगोट वैशाखाच्या शेवटी, धावत-पळत, चढ्या भावाने भरतं. आत्याने ती थंडीपासूनच भरायला घेतली, आणि वैशाखात सगळे बाजारात धक्के खात असताना ही ओट्यावर पाय पसरून पान लावत बसायला लागली. उरलेले महिने परसात बांधायच्या खोलीचे. आणि एका महिन्याला तिने मुद्दाम काहीच काम दिलं नव्हतं. त्याला ती राखणदार म्हणायची. सरकारचा काय भरवसा, कधी पैसे लांबले तर राखणदार बाकीच्यांना सांभाळील, असा हिशेब.

या महिन्यांच्या बाबतीत तिच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही. एकदा शेजारीण उसने मागायला आली. आत्या म्हणाली की आहेत, पण ते फाल्गुनाचे आहेत. शेजारीण म्हणाली, अगं नोट ती नोट, तिच्यावर काय फाल्गुन लिहिलाय? त्यावर आत्याने तिला चहा पाजला, पोह्याचे पापड दिले आणि तशीच परत पाठवली. प्रत्येक महिन्याचा डबा वेगळा होता, आणि सगळे डबे मूळचे सुक्या मासळीचे. त्यामुळे गावातला वाणी नोट नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, आत्याकडनं आली वाटतं. मी पडलो विमा एजंट. बचत हा माझ्या पोटापाण्याचा विषय. मी तिला एक चांगली योजना समजावून सांगितली, कागदावर आकडे मांडून सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "जावयबापू, तुमच्याकडं मरावं लागतं. मला तर जगायचं हाय." माझा धंदाच बसवला बाईने.

पानाच्या टपरीवर काही रिकामटेकडे बसलेले असतात, प्रत्येक गावात असतात. त्यातल्या एकाने आत्या समोरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं की सरकारने बायकांना फुकट खायची सवय लावली. अहो, दुसरी एखादी मान खाली घालून गेली असती. आत्या थांबली, डोक्यावरची पाटी उतरवली, आणि त्याच्यासमोर बाकड्यावर ऐसपैस बसली. तुझ्या बापाच्या खाचरात कितीदा लावणी केली ते तुझ्या आईला विचार, म्हणाली. गड्याला जी मजुरी मिळायची तिच्या निम्मी मला मिळायची, काम तेवढंच. ती उरलेली निम्मी कुठे गेली? तेव्हा ती कोणी फुकट खाल्ली? आता सरकारकडून येतंय ते मी माझंच धरते, उशिरा आलंय एवढंच. टपरीवाल्याने तिला पान दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तिने ते पैसे त्याच्या बरणीवर ठेवले आणि पाटी उचलून चालती झाली. तेव्हापासून तिच्यासमोर फुकट हा शब्द गावात कोणी काढत नाही.

दारानंतर चिरे यायला लागले. जांभ्याचे तांबडे चिरे, जसे परवडतील तसे. परसात ढीग वाढत चालला. त्याच्यावर कोंबड्या बसायच्या, उन्हात आत्याची सुकट वाळायची, पावसात शेवाळ धरायचं. सासरे ओटीवरून त्या ढिगाकडे पाहायचे आणि त्यांचं तोंड कडू व्हायचं. त्यांचं म्हणणं एकच. बहिणीने परसात वेगळी खोली घातली, वेगळी चूल मांडली, तर गाव म्हणेल भावाने तिला घराबाहेर काढली. माझ्या जिवंतपणी हे व्हायचं नाही. आत्या म्हणायची की तुला गाव काय म्हणेल ते पडलंय, मला वर पाणी ठिबकतंय ते पडलंय. दोघं एकमेकांशी महिना महिना बोलायचे नाहीत. निरोप पोचवायचं काम माझ्या सासूबाईंकडे, आणि सणावाराला गेलो की माझ्याकडे. जमीन बापाची होती, पण सात-बाऱ्याचं बोलून भावाला कोर्टात खेचणारी ती नव्हती. खोली घालायची तर भावाच्या होकारानेच, हे तिचं ठरलेलं. तो होकार काही मिळत नव्हता, आणि वय तर दोघांचं होत चाललं होतं.

अशात माझ्या मेहुण्याचं लग्न ठरलं. पोरगा पनवेलला ट्रेलरच्या धंद्यात, कमावता. आणि आमच्याकडे लग्न परवडलं पण हळद नको. मटण, मासळी, बँजो, डीजे, सारा गाव जेवणार, आणि वर्षभर लोक विचारणार की कुणाची हळद भारी झाली. शेजारच्या आळीतल्या हळदीला एक रात्र डीजे होता, म्हणून आमच्याकडे दोन रात्री पाहिजे. इकडून तिकडून जमवून झालं आणि मग सगळ्यांचे डोळे आत्याच्या डब्यांकडे वळले. सासऱ्यांनी ओटीवर सगळ्यांना बसवलं. मलाही बसवलं, जावयासमोर ती नाही म्हणणार नाही म्हणून. स्वतः काही बोलले नाहीत, सासूबाईंना बोलायला लावलं. भाच्याची हळद, आत्याचा मान पहिला, तेव्हा तिने आपल्याकडचं काढावं, परत कधी ना कधी मिळेलच. आत्याने नेसूचा पदर कमरेला खोचला.

"दादा, पोराला मी मांडीवर वाढवलाय. हलद मी लावनार, गानी मी म्हननार, भांडी पन मी घासनार. पन डबं उघडनार न्हाय. हलद दोन राती रंगते. माजं छप्पर चार महिनं गलतं."

एवढं बोलून ती उठली आणि पडवीत गेली. लोक तिला काय काय बोलले नाहीत! कंजूस म्हणाले, पोटचं नाही म्हणून असं म्हणाले, सासूबाईंच्या एका चुलत जावेने तर म्हातारीला पैसा डसला म्हणून सांगितलं. आत्याने हळद मात्र जशी म्हटली तशी केली. गाणी म्हणून तिचा आवाज बसला. फक्त एकदाच तिचा तोल गेला. आचाऱ्यांनी मोठ्या टोपांना चूल मांडायला तिच्या ढिगातले चिरे उचलून नेले आणि त्यावर मटण चढवलं. आत्या कलथा घेऊन आली. टोप उतरवता येईना, सारा गाव जेवायचा खोळंबलेला. शेवटी ती तिथेच पाट टाकून बसली आणि मटण शिजेपर्यंत आपल्या चिऱ्यांवर नजर ठेवून राहिली. आपल्याच घराच्या भिंतीवर गावाचं जेवण शिजताना तिने पाहिलं. चिरे परत आले ते काळेठिक्कर होऊन.

हळद जंगी झाली, यात वाद नाही. पण त्या हळदीत घरची आगोट उडाली. लाकडाचे, मसाल्याचे, सुक्या मासळीचे म्हणून सासरे जे बाजूला ठेवतात ते सगळं डीजेत गेलं, आणि वर मृग लागला. नवरा-नवरी पनवेलला निघून गेली. भर आषाढात, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, बाजारात हात लावायची सोय नाही, आणि सासऱ्यांच्या घरात ताटात नुसता भात आणि मिठाचं पाणी यायची वेळ आली. तेव्हा एक दिवस ताटात जवळा आला. दुसऱ्या दिवशी बोंबील. चुलीत सुकं लाकूड, कालवणाला लाल मसाला. सासऱ्यांनी दोन दिवस न विचारता खाल्लं. तिसऱ्या दिवशी विचारलं की हे कुठनं येतंय? सासूबाईंनी पडवीकडे पाहिलं. पडवीतून आत्या म्हणाली, "माघाचा जवला हाय. गुमान जेव."

मी त्या दिवशी तिथेच होतो. सासरे जेवता जेवता थांबले. पडवीत पाण्याच्या भांड्यात थेंब पडत होते, टप टप, आणि ते ऐकत बसले. तीस वर्षं तो आवाज घरात होता, पण त्यांनी तो तेव्हाच पहिल्यांदा ऐकला असावा. नंतर मी पडवीत डोकावलो आणि आत्याला म्हटलं, आता तरी दादांना खोलीचं बोल की, संधी आहे. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली की खाऊ घातलं त्याचा मोबदला मागायला मी काय खानावळ काढलीय? मग जरा नरमून म्हणाली की बापू, पैसा येणार हे ठाऊक असलं की माणसाला पुढचं दिसतं. आजवर आम्हाला फक्त आजचं दिसायचं. दादाला अजून तसंच दिसतं, त्याचा राग काय धरायचा.

दसऱ्याच्या सकाळी सासऱ्यांनी पहार काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि परसात जाऊन माडापासून थोडं दूर, उंचवट्यावर, मातीत मारली. कोणाला काही सांगितलं नाही. आत्या पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. ते म्हणाले की खोलीचं तोंड कुठं ठेवायचं, पूर्वेला? ती म्हणाली, रस्त्याला. पुढे गवंडी आला, तरी पायाचं खणणं सासऱ्यांनीच केलं. पत्र्याचे पैसे मी देतो म्हणाले, तेव्हा मात्र आत्याने त्यांना अडवलं. जागा बापाची, घाम तुझा, पैसा माझा, म्हणाली, आणि राखणदाराचा डबा उघडला. एक खोली आणि एक मोरी. काळे चिरे गवंडी आतल्या बाजूला लपवायला निघाला, तर तिने मुद्दाम दर्शनी भिंतीत बसवून घेतले. दिवाळीला गिलावा व्हायचा राहिला होता, पण दार लागलं होतं आणि आत्याची ट्रंक आत गेली होती.

मग भाऊबीज आली. इतकी वर्षं ती व्हायची ओटीवर. भाऊ आपल्याच घरात पाटावर बसायचा, त्याच्याच घरचं तेल, त्याच्याच घरचे तांदूळ, आणि आत्या पडवीतून चार पावलं येऊन ओवाळायची. बहिणीकडे जाणं म्हणून जे असतं ते या माणसाला कधी मिळालंच नव्हतं. त्या दिवशी सासऱ्यांनी सकाळीच दाढी केली. नवं धोतर, नवी टोपी, हातात मिठाईचा पुडा. घराच्या मागच्या दारातून आत्याची खोली कोंबडी उडेल एवढ्या अंतरावर. पण ते पुढच्या दाराने निघाले. रस्त्याने देवळापर्यंत गेले, देवळाला वळसा घातला, टपरीवरून आले, आणि जो भेटेल त्याला न विचारता सांगत आले की बहिणीकडं चाललोय. मी आणि बायको मागे मागे. टपरीवरचं कोणी हसलं नाही. दार उघडंच होतं, तरी ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

आत्याने पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई लावलेली. साऱ्या गावाला उलट उत्तर देणाऱ्या त्या बाईने हातानेच या म्हटलं. सासरे आत आले, आधी वर पत्र्याकडे पाहिलं, मग पाटावर बसले. तिने तबक उचललं.

"दादा," ती म्हणाली, "आज पयल्यांदा मायेरचं मानूस माज्या घरी आलं."

सासऱ्यांची मान खाली गेली ती वर येईना. टिळा लावायला आत्याला त्यांची हनुवटी धरून तोंड वर करावं लागलं.