वही माझ्या हातात होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवालाही नाही. हात जोडले की मी दुसरंच काहीतरी मागत राहते आणि हे आतल्या आत राहून जातं. आज लिहायला बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर बरं आहे, पण लिहायची सवय नाही, तेव्हा मागेपुढे होईल. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही, आणि ते बरंच आहे. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे सांगणं मला जमलं नसतं.

मला बोलायलाच जमत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला की मी नुसतं कार्ड पुढं करते आणि खाली बघते. डॉक्टरांनी कुठं दुखतंय विचारलं तर मी स्नेहलकडे बघते. स्नेहल माझी मुलगी. एकुलती एक. तिचे वडील यंत्रमागावर कामाला होते, ती नववीत असताना गेले. तेव्हापासून माझ्या वाटचं बोलणं तीच बोलते. मी घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. टॉवेलांचे गठ्ठे घेऊन रिक्षावाला येतो, त्याला “हितं ठेवा मामा” एवढंसुद्धा तीच म्हणायची. मी मशीनवरून मान वर करायची नाही.

कॉलेजात तिनं फ्रेंच घेतलं. मार्क चांगले पडतात असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. पण मग तिला त्याची गोडीच लागली. आमच्या गल्लीतल्या बायका हसायच्या. “फ्रेंचमधून कुणाशी भांडणार हाय गं?” त्यावर ती म्हणायची, “नळावर तुमच्याशीच की, मावशी. तुम्हाला कळणार न्हाय आणि मी जिंकणार.”

कॉलेज संपल्यावर तिनं फ्रेंचची एक मोठी परीक्षा द्यायची ठरवली. लिहायचं, वाचायचं, ऐकायचं आणि समोर बसून बोलायचं — अशी चार अंगांची परीक्षा. शिकवणी संपली होती, तिच्या बाई मुलाकडे परगावी गेल्या होत्या, आणि परीक्षेला महिना राहिला होता. मग तिनं एक दोनशे पानी वही केली. सगळं फ्रेंच आपल्या मराठी अक्षरांत लिहून काढलं — माझ्यासाठी. “आई, धर की वही. मी म्हणते, तू बघ.”

पहिलीपासून तसंच होतं आमचं. ती पाढे म्हणायची, कविता म्हणायची, मी पुस्तक धरून बसायची. कुठं ओळ गाळली की बोट उचलायची. तुमच्याकडेही असेल असं. आई शिकलेली असो नसो, वही आईच्या हातात.

तेव्हा ती भूतकाळाचं एक रूप पाठ करत होती. मला तिनं समजावलं होतं — ही एकदाच घडून गेलेली गोष्ट नाही, आई. आपण जायचो, यायचो, खायचो म्हणतो ना, ते. किंवा पाऊस पडत होता, बाबा झोपले होते, असं. आज ‘आम्ही’ला जे रूप लागतं ते घ्यायचं, त्याचं शेपूट कापायचं आणि प्रत्येकाचं नवं शेपूट जोडायचं. मला ते लगेच कळलं. मी दिवसभर दुसरं काय करते? सुटलेला काठ कापायचा आणि नवी कड दुमडून शिवायची. बोलायला त्यांचं ‘पार्ले’. मी बोलायचे — झ पार्ले. तू — त्यू पार्ले. तो, ते, सगळे पार्लेच. लिहायला वेगळे, ऐकायला सारखे. फक्त आम्ही आणि तुम्ही वेगळे. नू पार्ल्यों. वू पार्लिए. आणि ‘असणे’ म्हणून एक आहे, तेवढं एकच या नियमात बसत नाही, त्याचं निराळं पाठ करायचं.

मशीन चालवताना मी ते तोंडातल्या तोंडात म्हणायची. कुणाला सांगू हे? मला फार छान वाटायचं. शाळेत मला एकाच गोष्टीसाठी शाबासकी मिळायची — जोडाक्षरं. बाई मला उभं करून वाचायला लावायच्या आणि मी न अडखळता वाचायची. आणि स्नेहलच्या त्या वहीत जोडाक्षरंच जोडाक्षरं होती.

तोंडी परीक्षेसाठी तिनं आमच्या जुन्या घराबद्दल वाक्यं तयार केली होती. आम्ही एका खोलीत राहायचो. आम्ही उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो. आम्ही रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचो, बाबा दह्याची वाटी माझ्याकडे सरकवायचे. सगळी वाक्यं ‘आम्ही’ची. तिघांची.

एका दुपारी ती फोन हातात घेऊन उड्या मारत आली. पुण्याच्या एका कंपनीनं कळवलं होतं — परीक्षा पास झाली की नोकरी. फ्रेंचमध्ये फोनवर बोलायचं काम. राहायला मुलींचं वसतिगृह. “आई, पुणे! चार तासांवर तर आहे.” मी गूळ आणून तिच्या तोंडात घातला. खोटं नव्हतं ते. आनंद झाला होता मला. आणि त्याच वेळी मनात येत होतं — आता रिक्षावाल्याला कोण सांगणार? डॉक्टरकडे कोण येणार? मी या घरात चार-चार दिवस कुणाशी बोलणारच नाही, असं वाटलं. तुम्हाला हसू येईल. चाळिशीतली बाई, तिला कुणाची भीती? पण होती.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली आणि म्हणायला लागली. ‘आम्ही’ आलं. ती म्हणाली, नू पार्लों. वहीत होतं पार्ल्यों. आजचं रूप तिच्या तोंडात बसलेलं होतं, तेच घसरून येत होतं. पुढं ‘खायचो’ आलं. मांझों म्हणाली. वहीत मांझ्यों. मी बोट उचललं. खरंच उचललं होतं — आणि परत वहीवर ठेवलं.

ती थांबून म्हणाली, “बरोबर?”

मी म्हणाले, “बरोबर.”

एकदाच घडलं असतं तर घाबरले होते, चुकून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण एकदाच नव्हतं. महिनाभर ती रोज म्हणायची आणि रोज चुकायची. नळाला पाणी यायचं त्या दिवशी तेवढी सुट्टी, कारण भांडी भरायची असायची. बाकी रोज. आणि मी रोज बरोबर म्हणायची. नंतर नंतर तर मी हसून म्हणायची. तिनं स्वतः वहीत का पाहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. कारण मी पाहत होते ना. ती ज्या वाक्यात भाकरी खायची, ज्या वाक्यात तिचे बाबा होते, तीच वाक्यं मी तिच्या तोंडात चुकीची पक्की होऊ दिली.

परीक्षेहून आल्यावर चप्पल काढता काढताच तिनं सांगितलं होतं. “परीक्षा घेणाऱ्या बाई मला दोनदा म्हणाल्या, पुन्हा म्हण. मी दोन्ही वेळा ठणकावून म्हणाले. मला खात्रीच होती की.” मी चहा टाकायला आत गेले.

निकाल लागला. लिहिण्यात, वाचण्यात, ऐकण्यात ती चांगल्या मार्कांनी पास होती. बोलण्यात कमी पडली आणि परीक्षा गेली. त्यामुळेच पडली का, मला माहीत नाही. दुसरंही काही चुकलं असेल. या वाक्याचा आधार मी चार वर्षं घेत आले आहे, म्हणून तो इथं घेत नाही. कंपनीनं दुसरी मुलगी घेतली. स्नेहल तीन दिवस नीट जेवली नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाली, “आई, तुला उगाच बसवून ठेवलं महिनाभर. तुझं कामही बुडलं.” आणि मी — मी म्हणाले, “असू दे गं.”

आता ती चादरींच्या दुकानात काउंटरला आहे. घरीच राहते. हेच मला हवं होतं.

गेल्या आठवड्यात शेजारची अंजुम आली. अकरावीला आहे, तिनंही फ्रेंच घेतलंय. स्नेहल तिला तोच भूतकाळ समजावत होती आणि मी मशीनवर होते. स्नेहल म्हणाली, नू पार्लों. अंजुम म्हणाली, “दीदी, किताब में तो दूसराच लिखा है की.” स्नेहल म्हणाली, “शक्यच नाही, आईनं महिनाभर तपासलंय.” मग उठून तिनं माळ्यावरून ती वही काढली. धूळ झटकली. पान उघडलं. तिचंच अक्षर. पार्ल्यों.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मशीन थांबलं होतं. मला वाटलं, आता ती वर बघेल. आणि तिनं बघितलंही. पण हसली. “मीच चुकत होते बघ. आणि आईला काय कळतंय यातलं, बिचारी! वही उलटी धरली असती तरी बरोबरच म्हणाली असती.” अंजुमही हसली. “काकी को काय को बोलते, दीदी,” म्हणाली.

मीही हसले. मग पाय दाबला आणि टॉवेल पुढं सरकवला.

वही सुलटी होती. ते जोडाक्षर मला दिसत होतं. रोज दिसत होतं.

काल आम्ही बँकेत गेलो होतो. नेहमीप्रमाणे ती पुढं, मी तिच्या मागं. खिडकीतल्या माणसानं फॉर्म सरकवला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, “सही की अंगठा?” स्नेहलला राग आला. “अंगठा कशाला? चौथी पास आहे माझी आई. वाचता येतं तिला सगळं.”

मी मान खाली घालून सही केली.